थुंकीनं जोडलेली लोकर

मार्चपासून मी या ब्लॉगवर काही लिहिलं नाही. कित्येकींनी विचारलं, "ताई, कुठे आहात? बाळाच्या टोपीचं अर्धवटच राहिलं." मी सगळ्यांना एकच उत्तर चिकटवलं: घरात लग्न आहे, सवड नाही. आमच्या घरात कुणाचंही लग्न नव्हतं. मला टीबी झाला होता, फुफ्फुसाचा. सहा महिन्यांच्या गोळ्या मागच्या महिन्यात संपल्या, तपासण्या स्वच्छ आल्या. आता टोपी राहू दे, आधी मी बोललेलं खोटं निस्तरते.

नव्यानं येणाऱ्यांसाठी सांगते. मी सुजाता, मंगरूळपीरला राहते. नवरा विलास सरकारी कचेरीत बाबू आहे, मुलगी आर्या नऊ वर्षांची. ती पाळण्यात होती तेव्हा तिच्यासाठी पहिलं टोपडं विणलं, ते विलासच्या डोक्याला बसलं. ती फजिती मोबाइलवर लिहून टाकली आणि तिथून हा ब्लॉग सुरू झाला. अर्धं विणकाम, अर्धा संसार. आर्याचा पडलेला दात, तिच्या कांजण्या, विलासचं वांग्याच्या भाजीशी असलेलं वैर, बाह्या कमी पडल्या तर काय करायचं, सगळं एकाच ताटात. वाकडं विणलं गेलं तर मी वाकड्याचाच फोटो टाकला. इथं खोटं लिहायचं नाही हा एकच नियम मी पाळत आले होते, म्हणून त्या लग्नाच्या थापेचं मला जास्त लागलं.

ज्यांना आत्ता हेच दुखणं आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. गोळ्यांची नावं सांगत नाही, ती तुमच्या कार्डावर आहेत. जे कार्डावर नसतं तेवढं सांगते.

खोकला

खोकला दिवाळीपासून होता. सगळ्यांनी खापर फोडलं लोकरीवर.

"नाकातोंडात तूस जाऊन राह्यलं तुह्या," विलास म्हणायचे. "चार दिवस सुया ठेव बाजूले."

मी सुया ठेवल्या. खोकला काही खाली बसला नाही. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, सकाळी उशी ओली असायची. ब्लाउज सैल व्हायला लागले तेव्हा तर मी खूश झाले. म्हटलं, चला, व्यायाम न करता कंबर आली. इतकी मी हुशार. बायांनो, न मागता वजन उतरायला लागलं तर आरशासमोर मिरवू नका, दवाखान्यात जा.

मार्चमध्ये एका दुपारी गच्चीवरून पापड खाली आणताना बरगडीत अशी कळ आली की मी जिन्यातच बसले. मग सरकारी दवाखाना, एक्स-रे, थुंकीची डबी, दोन दिवस वाट बघणं. तिसऱ्या दिवशी आम्हाला समोर बसवून डॉक्टरबाईंनी सांगितलं. तरुण होत्या, आडपडदा नव्हता.

"टीबी आहे. फुफ्फुसाला पाणीही झालंय, ते काढावं लागेल. पूर्ण बरा होतो. फक्त गोळी चुकवायची नाही."

मी पहिलं विचारलं, "माझ्या मुलीचं काय?"

विलासनी पहिलं विचारलं, "हे कुणाले सांगा लागते का?"

दोन्ही प्रश्नांना त्यांनी शांतपणे उत्तरं दिली. मुलीला तपासून घ्या, पहिले दोन आठवडे तिला दुसरीकडे ठेवा. आणि कुणाला सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. आर्याची तपासणी त्याच आठवड्यात झाली, काही निघालं नाही. विलासचा प्रश्न मात्र मी मनात कुठेतरी खोचून ठेवला.

बाहेर येऊन मी पायरीवर बसले आणि मीनाला फोन लावला. मीना माझी सख्खी धाकटी बहीण, रिठदला दिलेली. आई गेली तेव्हा ती सात वर्षांची होती. तिच्या वेण्या मी घातल्या, तिचं पहिलं स्थळ मी मोडलं आणि दुसरं मी जमवलं. लग्नाला आठ वर्षं होऊन गेल्यावर तिला मुलगा झाला. त्याच्यासाठी मी खास शुद्ध लोकर आणली, स्वेटर, टोपी, पायमोजे सगळं विणलं, आणि जानेवारीत दिवसभर त्याला छातीशी घेऊन बसले. म्हणून पहिला फोन तिला. बाळाला धोका असेल तर तो तिला माझ्या तोंडून कळावा, दुसऱ्याच्या नाही, असं मला वाटलं.

"मिने, बाळाले तपासून घे. अन् कुणाले सांगू नको. माह्या वेळेले मीच सांगीन."

ती रडायला लागली. "ताई, तू काही टेन्शन घेऊ नको. आर्याले माह्याकडं पाठव. दोन आठवडे काय, दोन महिने ठेवतो मी तिले."

त्या पायरीवर बसून मला वाटलं की आपल्यासारखं नशीबवान कुणी नाही. हे मी टोमण्यानं लिहीत नाहीये. खरंच वाटलं होतं.

वॉर्ड

वाशीमच्या मोठ्या दवाखान्यात नऊ दिवस होते. पाठीतून सुई घालून पाणी काढलं. दुखतं, पण नंतर श्वास पोटापर्यंत जातो तेव्हा बरं वाटतं. सकाळी सहाला झाडू, सातला गोळ्या, आठला चहा, मग डॉक्टरांची फेरी. बाकीचा दिवस पंखा बघायचा. सुया आणू दिल्या नव्हत्या. माझी बोटं चादरीच्या काठावर आपोआप टाके घालायची, सुलट, उलट, सुलट, उलट. एका सिस्टरनं बघितलं आणि विचारलं, "बाई, झटके येतात का तुम्हाला?"

तिसऱ्या दिवशी लघवी नारिंगी झाली. मला कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, संपलं, आता रक्त जायला लागलं. मी संडासाच्या दारात रडत उभी, तेव्हा शेजारच्या खाटेवरची गोदाबाई काठी टेकत आली. पोहरादेवीकडची म्हातारी. हा तिचा दुसरा फेरा, कारण पहिल्या वेळी बरं वाटल्याबरोबर तिनं गोळ्या सोडल्या होत्या.

"घाबरू नको व माय," ती म्हणाली. "या गोळ्यानं समदं रंगते. काल मी रडलो तं आसू बी केशरीच आले. होळी समज."

मी रडता रडता हसले. गोदाबाईनं मला बरंच शिकवलं. गोळ्या गिळल्या की खिडकीकडे तोंड करून बसायचं, ओकारी येत नाही. जेवणाची वाट बघायची नाही, जे समोर येईल ते खायचं. आणि एकदा सहज म्हणाली, "पयल्या खेपेला मी बरी झालो होतो ना, तरी माही सून माह्या हातची भाकर खाये नाई. मीच म्हटलं, जाऊ दे, थे तरी काय करन."

मला तिच्या सुनेचा राग आला. आमच्या घरी असलं काही नाही, असं मी मनातल्या मनात म्हटलं.

विलास रोज डबा घेऊन यायचे. मास्क पुरे आहे असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं तरी ते दारातच उभे राहायचे आणि डबा दाराशी असलेल्या गोदाबाईच्या खाटेवर ठेवायचे. तिथून मी उचलायचा. मी म्हटलं, पुरुषमाणूस आहे, दवाखान्याची सवय नाही. आपल्या माणसासाठी सबब शोधायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

आर्या रिठदहून फोनवर बोलायची. "आई, बाळ माह्या मांडीवर झोपलं. मावशीनं मले धिरडे दिले." मी ऐकायची आणि आकडे मोजायची. नऊ दिवस इथं, मग पाच दिवस घरी, की झाले दोन आठवडे.

लाल धागा

घरी आले तर माझं ताट, वाटी आणि पेला खिडकीत वेगळा मांडलेला. पेल्याच्या गळ्याशी लाल लोकर बांधलेली होती, माझ्याच पिशवीतली. विलासनी फार निगुतीनं बांधली होती, दोन गाठी मारून.

"मिसळू नये म्हणून," ते म्हणाले.

"भांड्यानं होत नाही म्हणाल्या ना डॉक्टर?"

"तरी बी."

त्या "तरी बी"वर मी भांडायला हवं होतं. पण मला बसून उठवत नव्हतं. गोळ्या घेतल्या की तासभर सगळं घर फिरायचं, सांधे असे दुखायचे की सुई धरवत नव्हती. मी त्याच पेल्यानं पाणी प्यायले. दुखण्यात माणूस पुष्कळ गोष्टी गिळतो, गोळ्या त्यातल्या त्यात सोप्या.

दोन आठवडे झाले. तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता मुलीला आणायला हरकत नाही. थोडे दिवस मास्क लावा, खिडक्या उघड्या ठेवा." मी रिक्षातच विलासना म्हटलं, उद्याच जाऊ. ते म्हणाले, परीक्षा होऊ दे, मी तिले तेवढ्यापुरतं आणीन. परीक्षा झाली. तीन दिवस ती कचेरीतल्या मित्राच्या घरी राहिली, मी तिला रस्त्यापलीकडून हात केला. मग सुट्ट्या लागल्या. मग ऊन फार आहे म्हणाले. प्रत्येक सबब खरीच वाटायची आणि मला प्रत्येकीला मान डोलवायची सवय झाली.

एप्रिलमध्ये एका सकाळी फाटकाच्या कडीला प्लास्टिकची पिशवी लटकलेली दिसली. आत माझ्या हातच्या दोन टोप्या आणि एक बिनबाह्यांचं स्वेटर. चुलत नणंदेच्या मुलांसाठी विणलेलं. धुऊन, घडी घालून ठेवलेलं. चिठ्ठी नव्हती.

मी मीनाला फोन केला. "तू कुणाले सांगतलं का व?"

"नाई ताई. तुही शप्पथ."

माझी शपथ घेतली तिनं, स्वतःची नाही. तेव्हा ते माझ्या ध्यानात आलं नाही.

त्या दिवसांत आमच्याकडे आपणहून येणारी एकच बाई होती, शबानाभाभी. दर्ग्याकडच्या रस्त्यावर त्यांचं लोकर आणि लेसचं दुकान आहे, माझी निम्मी लोकर तिथलीच. मी सुरुवातीलाच दारातून ओरडून सांगितलं होतं, भाभी, मला टीबी आहे. त्या आत आल्या, खिडक्या उघडल्या आणि म्हणाल्या, "तो क्या हुआ? मेरी सास को भी था. उनके अलग बर्तन घिसने से अच्छा मैंने उनको अच्छा खिलाया." मी चहा केला. त्यांनी मुद्दाम माझा पेला उचलला. लाल लोकर बघितली, पर्समधून कात्री काढली, धागा कापला आणि त्यातच चहा प्यायल्या. धाग्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. तो धागा त्या गेल्यावर विलासनी परत बांधला नाही, एवढं खरं.

दाखला

जूनच्या शेवटच्या आठवड्यात शाळा उघडणार होती. मी आर्यासाठी वह्या आणल्या, तपकिरी कागदाची कव्हरं घातली, नावाच्या चिठ्ठ्या डकवल्या: आर्या, इयत्ता चौथी. त्या दुपारी तिच्या वर्गशिक्षिकेचा फोन आला.

"ताई, आर्याकडे वाचनालयाचं एक गोष्टीचं पुस्तक राहून गेलं बघा. दाखला नेला तेव्हाच जमा करायचं होतं. तिकडून कुणी येणार असेल तर पाठवून द्या."

"कुणाचा दाखला, बाई?"

मग चाचरत म्हणाल्या, "शाळा सोडल्याचा... मेमध्ये तिच्या वडिलांनीच सही करून नेला ना? रिठदच्या शाळेत घालतोय म्हणाले. तुमच्या तब्येतीमुळे. तुम्हाला... माहीत असेल असं मला वाटलं."

मी म्हटलं, हो हो, पुस्तक पाठवते. फोन ठेवला आणि त्या वह्यांकडे बघत बसले. दुखण्यातला सगळ्यात वाईट दिवस कोणता असं कुणी विचारलं तर मी टीबी कळला तो दिवस सांगत नाही. हा सांगते.

विलास जेवायला आले. मी ताट वाढलं नाही.

"दाखल्यावर सही तुमची हाय?"

त्यांनी चपला काढल्याच नाहीत. "हो."

"मले काहून नाई सांगतलं?"

"तू ऐकली असती का?"

"डॉक्टर तुमच्यासमोर बोलल्या. तुमच्यासमोर, दोनदा."

"डॉक्टर बोलून मोकळे होतात. पोरगी आपली हाय." मग त्यांनी मोबाइल काढून माझ्यापुढे धरला. "अन् तूच तं लिहून ठेवलं. पाह्य."

पडद्यावर माझाच लेख होता. दोन वर्षांपूर्वीचा. शुद्ध लोकरीची दोन टोकं गाठ न मारता कशी जोडायची ते त्यात मी सांगितलं होतं. दोन्ही टोकं पिंजायची, ओली करायची, एकावर एक ठेवून तळहातात जोरात चोळायची. ऊब आणि ओल मिळाली की धागे एकमेकांत शिरतात, जोड कुठे आहे ते शोधून सापडत नाही. पाण्यानंही होतं. पण मी फुशारकीत लिहिलं होतं: "पाणी आणायला कोण उठतं? आईची थुंकी हीच खरी. लेकराच्या गालावरचं काजळ आपण कशानं पुसतो?" तुम्हा सगळ्यांना ते फार आवडलं होतं.

त्या लेखाचा फोटो नातेवाइकांच्या एका ग्रुपवर टाकलेला होता, ज्यात मी नव्हते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. खाली मीनाचा आवाज. मी तो लावला.

"ताईले टीबी झाला. घरच्या घरी दाबून ठेवलं, पण मी म्हणतो लेकराच्या जिवाशी खेळ नको. तिनं स्वताच लिहून ठेवलं हाय, थुंकी लावून जोडतो म्हणून. ज्याच्या घरी तिच्या हातचं असन त्यानं जाळून टाका. मी तं जाळलं."

ज्या नातेवाइकांनी इतक्या वर्षांत माझा ब्लॉग कधी उघडला नव्हता, त्यांनी तो एक लेख पाठ केला होता. एका काकूनं लिहिलं होतं, अरे देवा. एका भाच्यानं हात जोडलेली चित्रं टाकली होती. आणि विलासनी लिहिलं होतं, "आम्ही योग्य ती काळजी घेत आहोत." अगदी कचेरीतल्या पत्रासारखं. तीन महिने मी दुनियेला लग्नाची थाप मारत होते, आणि सगळं गणगोत मला मनात हसत होतं किंवा घाबरत होतं, काय ते त्यांनाच ठाऊक.

टीबी कपड्यानं होत नाही, वाळलेल्या लोकरीनं होत नाही. खोकल्यातून, हवेतून होतो. हे कुणीही कोणत्याही दवाखान्यात विचारू शकलं असतं.

"मले भेव वाटलं, सुजाता," विलास म्हणाले, आणि दारातच बसून रडायला लागले. "तुह्यं बी वाटलं, पोरीचं बी वाटलं. मीना म्हणे, वर्षभर इकडंच राहू द्या. मले बरोबर वाटलं."

एरवी ते रडले असते तर मी पाणी दिलं असतं. त्या दिवशी मी उठले आणि दुसऱ्या दिवशीसाठी पिशवी भरायला घेतली.

रिठद

सकाळची गाडी धरली, वाशीमला बदलली. पिशवीत तपासणीचा कागद, मास्क आणि त्या दिवसाच्या गोळ्या. विलास येतो म्हणाले, मी नको म्हटलं. चार महिन्यांत पहिल्यांदा एकटी इतक्या लांब जात होते. पायात गोळे आले, पण रागानं माणूस पुष्कळ चालतो.

मीना ओसरीत बाळाला भरवत होती. मला बघून तिचा हात तसाच राहिला. मग बाळाला उचलून ती आत गेली, त्याला तिथं ठेवलं, आणि बाहेर येताना माझ्यासाठी पाणी घेऊन आली. कागदी कपात. चहाच्या टपरीवर मिळतो तसल्या.

तिच्या मागं फळीवर स्टीलचे सहा पेले पालथे होते. मी त्यांच्याकडे बघितलं, तिनंही बघितलं.

आमची आजी सांगायची, गावच्या विहिरीवर तिला रहाट धरायची बंदी होती. कुणीतरी वरून ओंजळीत ओतायचं तेव्हा पाणी, आणि तेही उपकार म्हणून. आजोबांनी दीक्षा घेतली त्या वर्षी त्यांनी घरात पितळी लोटा आणला आणि सांगितलं, आपल्या दारात येईल त्याला याच लोट्यानं, कोणी का असेना. आजीची ही गोष्ट ऐकत मीना माझ्या मांडीवर झोपायची. तिला ती माझ्याइतकीच पाठ आहे.

"मिने, आजी काय सांगे?"

तिला कळलं. तिचा चेहरा लाल झाला. "ते येगळं ताई, हे येगळं. थे लोकं दुष्ट होते. मी माह्या लेकरासाठी करून राह्यली."

"थे बी आपल्या लेकरासाठीच करत होते. त्यायले बी भेवच वाटे, आपल्या हातानं इटाळ होईन म्हणून."

ती रडायला लागली. "आठ वर्षानं झालं व ताई. तुले काय माहीत, मी कशी काढली आठ वर्षं."

मला माहीत होतं. त्या आठ वर्षांतला प्रत्येक दवाखाना मी तिच्याबरोबर केला होता. म्हणून मी आवाज खाली आणला आणि विचारलं, "बाळाचं तपासलं होतं?"

"हो."

"काय निघालं?"

"काही नाई."

"कधी तपासलं?"

तिनं आत बाळाकडे बघितलं. मी परत विचारलं.

"मार्चमधीच."

म्हणजे बाळाला काही नाही हे तिला मार्चमध्ये कळलं होतं. एप्रिलमध्ये तिनं ग्रुपवर टाकलं. तोवर मला वाटत होतं की भीतीनं तिचं डोकं फिरलं असेल. भीती असती तर मी कधी ना कधी समजून घेतलं असतं. "मंग कायले सांगतलं साऱ्याईले?" मी विचारलं.

ती म्हणाली, "सारे म्हणत होते, आर्या तुह्याकडं कायले राह्यली. मी काय सांगू? मले खोटं बोलता येत नाई."

माझी शपथ घेऊन मात्र आलं होतं. कागदी कप मी ओसरीच्या काठावर तसाच ठेवला. पाण्याला हात लावला नाही.

तेवढ्यात आर्या आतून आली. अंगात नवा गणवेश, घड्या अजून मोडल्या नव्हत्या. उंच झाली होती. ती माझ्याकडे धावली, आणि चार हातांवर थबकली. मागं वळून तिनं विचारलं, "मावशी, जाऊ?"

माझ्या लेकीनं माझ्याजवळ यायची परवानगी मागितली. मीनानं मान फिरवली. मी म्हटलं, "चपला घाल आर्या, घरी जायचंय."

आता

मंगरूळपीरच्या शाळेनं तिला परत घेतलं, हेडबाईंनी फार विचारलं नाही. माझ्या गोळ्या एकही न चुकता संपल्या. विलास माझ्याच ताटातलं खातात, जरा जास्तच दाखवून खातात. मी त्यांच्याशी संसाराला लागेल तेवढं बोलते. मीनाचे फोन येतात, मी उचलत नाही. लोक म्हणतात, सख्खी बहीण आहे, माफ कर. मी माफ केलेलं नाही, आणि हे इथं लिहायची मला लाज वाटत नाही. दुखण्यातून उठलेल्या बाईनं लगेच मोठ्या मनाचं व्हायलाच पाहिजे, असा कुठे नियम नाही.

तुमच्या घरी कुणाला टीबी असेल तर एकच सांगते. दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्यांना बरोबर न्या आणि प्रत्येकाला स्वतःच्या तोंडानं डॉक्टरांना विचारू द्या. माझ्या घरात प्रश्न सगळ्यांना होते, फक्त मलाच कुणी विचारले नाहीत.

आणि जे मीनालाही माहीत नाही ते आता सांगते. रिठदहून परत येताना गाडीत आर्या खिडकीशी बसली होती. गाव मागं पडल्यावर मी तिला जवळ ओढलं, चार महिन्यांचं सगळं एकदम. ती लाकडासारखी ताठ झाली. मला वाटलं, रडू दाबतेय. खाली बघितलं तर तिचे गाल फुगलेले आणि बोटं मांडीवर एकेक उघडत होती. मग तिनं तोंड खिडकीकडे वळवून फस्सकन श्वास सोडला.

"काय करून राह्यली व?"

"मोजून राह्यली," ती म्हणाली. "मावशीनं सांगतलं, आई जवळ घेईन तवा श्वास रोकायचा अन् वीस मोजायचे. मले चौदाच जमतात."

डॉक्टरबाईंनी नंतर तिला समोर बसवून सगळं समजावलं. मीही कागद दाखवला. ती म्हणते, आता मी नाही मोजत आई, आणि मी तिच्यावर विश्वास ठेवते. पण तिला जवळ घेतलं की मीच मनात मोजायला लागते. तेरावर हात सोडते.